केस लागलेला साबण

हॉटेलची खोली सोडताना मी बाथरूममध्ये माझं काहीही मागे ठेवत नाही. अर्धा साबण कागदात गुंडाळून पिशवीत टाकते. शाम्पू तळाशी उरला असेल तर शेवटच्या दिवशी रुमाल धुऊन तो संपवते. कंगव्यातले केस काढते, बेसिनच्या जाळीतले काढते, भिंतीला चिकटलेला एखादा असेल तर तोही. नवरा दाराशी बॅगा घेऊन उभा असतो. त्याचं म्हणणं, मी खून करून निघाल्यासारखी आवरते. लग्नाच्या पहिल्या वर्षांत तो हे हसून म्हणायचा, आता नुसता घड्याळाकडे बघतो. मनातून त्याला हा कंजूषपणा वाटतो. वाटू दे. कंजूष म्हणवून घेतलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

माझा माणसांवर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी उगाच गोड बोललं की मी पदराची गाठ चाचपून बघणाऱ्यांतली आहे. हा स्वभाव कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या घरात चार माणसं होती आणि चौघांचे संशय चार तऱ्हेचे होते. ते सगळे एकाच गोष्टीवर येऊन बसले होते, ती म्हणजे सुट्टी संपवून गेलेल्या बंगलेवाल्यांचा उरलेला साबण.

हे ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. आमचं घर वांगणीच्या अलीकडे, स्टेशनापासून चालत बरंच आत. बाबा अंबरनाथला एका केमिकलच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. मी शाळेला कुळगावात. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण. आत्याला खरवईला दिली होती. नवरा गेल्यावर दिरांनी तिला ठेवली नाही, तेव्हा ती एक गोधडी आणि मशेरीचा डबा घेऊन आमच्याकडे आली, ती कायमची.

वाटणीत काकांच्या हिश्शाला रस्त्याकडची जमीन गेली आणि ती त्यांनी उल्हासनगरच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. त्या जमिनीत माझ्या आजोबांनी खणलेली विहीर होती. कागदावर जमीन लिहिली तशी विहीरही गेली. शेठनी तिथं सुट्टीत राहायला बंगला बांधला, भोवती तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं. आमच्या आळीची विहीर होळीलाच तळ दाखवायची. आजोबांच्या विहिरीला मात्र मे महिन्यातही दोर अर्ध्यावर पुरायचा. त्यामुळे बंगल्याची झाडलोट आणि राखण आईकडे आली तेव्हा पगार काय मिळणार हे आळीत कुणी विचारलंसुद्धा नाही. किल्ली कुणाकडे राहणार, एवढंच विचारलं.

किल्ल्यांचा जुडगा आईच्या कमरेला लागला आणि आळीतल्या बाया तिला मान देऊन बोलायला लागल्या. सकाळी फाटकाशी हंड्यांची रांग लागायची. आई कुलूप काढायची, सगळ्यांचं भरून झालं की लावायची. शेठना हे माहीत होतं, त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण हो असंही कधी म्हटलं नाही, आणि आईला याचाच धसका होता. आपली चूक झाली की किल्ली जाणार, आणि किल्ली गेली की आळीच्या बायांना भर उन्हात ओढ्यात झरे उकरत बसावं लागणार. पहिला राखणदार शेजारच्या गावचा होता. तो शेठच्या दाढीच्या साबणानं दाढी करताना सापडला आणि दुसऱ्या दिवसापासून दिसेनासा झाला. हे आईला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलेलं होतं.

शेठची माणसं दिवाळीत आणि मे महिन्यात यायची. शेठ, भाभी, शेठची म्हातारी आई म्हणजे अम्मा, आणि दोन मुली. आठवडाभर बंगल्यात खाणं, पत्ते, मोठ्यानं रेडिओ. निघताना मात्र सगळी घाई. शेठ गाडीत बसून हॉर्न वाजवत राहायचे आणि बाकीचे पायऱ्यांवरून पळत यायचे. ते गेले की आई झाडायला आत जायची आणि मी तिच्या मागे. बाथरूमच्या फळीवर सगळं तसंच पडलेलं असायचं. गुलाबी साबणाचा चपटा झालेला तुकडा, लिंबाच्या वासाचा हिरवा, तळाशी बोटभर राहिलेली शाम्पूची बाटली, पिळून मोडलेली टूथपेस्ट, पावडरचा डबा, एखादा कंगवा. आमच्या घरी अंगाला लाल साबण, तोही दोऱ्यानं कापून अर्धा अर्धा काढलेला, आणि डोक्याला शिकेकाई. त्या गुलाबी तुकड्याकडे बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. खायची वस्तू नाही हे कळत असूनही सुटायचं.

पहिल्याच वर्षी अम्मांची लाकडी फणी राहून गेली होती. पुढच्या खेपेला त्यांनी सहज विचारलं आणि आईनं ती पुसून, कागदात गुंडाळून पुढे केली. अम्मा खूश झाल्या. बाई ईमानदार आहे, असं त्यांनी शेठना, भाभींना, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं. आईनं त्यातून स्वतःचा अर्थ काढला. ही माणसं मुद्दाम वस्तू ठेवून जातात आणि आपली पारख करतात. मोठी माणसं, इतकं चांगलं सामान टाकून कशी जातील? ज्या अर्थी टाकून गेली त्या अर्थी मोजून गेली. तेव्हापासून फळीवरची एकूण एक वस्तू तिनं राखून ठेवायला सुरुवात केली.

बंगल्यात ठेवून भागेना. बंद घरात घुशी शिरायच्या आणि साबण कुरतडून ठेवायच्या. आता घुशीनं खाल्ला असं शेठना सांगितलं तर कोण मानणार? म्हणून आई ते सगळं आमच्या घरी आणायची आणि खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. दर सुट्टीचं बोचकं वेगळं. बोचकी बांधायला शेठनीच एका दिवाळीला उशीच्या अभ्र्यांसाठी दिलेलं लाल कापड होतं, दुकानातलं उरलेलं. साबणाला चिकटलेले केस ती काढायची नाही. एकदा मी काढायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. केस जागच्या जागी असला म्हणजे साबण कुणी वापरला नाही हे आपोआप सिद्ध होतं, असा तिचा हिशेब होता. मला तो तेव्हा फार हुशारीचा वाटला. खरं सांगायचं तर आजही वाटतो.

आत्याचा संशय आणखी खोलातला. तिचं म्हणणं, हा उतारा आहे. पाण्याच्या जागी फणी-करंडा ठेवतात तो आसरांसाठी, पाण्यातल्या त्या सात बायांसाठी, आणि तिठ्यावर लिंबू-टाचणी ठेवतात ती आपली पीडा दुसऱ्याच्या गळ्यात घालायला. मग या बायका विहिरीच्या शेजारी फणी आणि साबण ठेवून जातात ते कशासाठी?

"पानी हाय तिथं फनी नि साबन ठेवून गेल्या," ती आईला म्हणायची, "नि तू म्हनतंस इसरल्या. श्रीमंताची बाय काय इसरत नसते गो."

आई तिला हसायची. उद्या त्यांनी मागितला तर काय देऊ, तुझी मशेरी देऊ काय, असं विचारायची. शेवटी दोघींत न बोलता एक तडजोड झाली. वस्तू टाकायच्या नाहीत आणि वापरायच्याही नाहीत. आणि वस्तूंतलं जे काही असेल ते पेटीबाहेर येऊ नये म्हणून आत्यानं प्रत्येक बोचक्यात एक लिंबू, एक सुकी मिरची आणि कोळशाचा खडा घालायचा. आई हसत राहिली, पण ते तिनं काढून टाकलं नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

बाबांचा संशय मालावर. त्यांच्या कारखान्यातून कसले कसले वासाचे ड्रम बाहेर जायचे, त्यामुळे जगातला कुठलाही सुवास खरा आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. परदेशी बाटली रिकामी झाली की ती भंगारवाल्याकडून उल्हासनगरला जाते आणि भरून परत येते, असं ते सांगायचे. म्हणून बाटली टाकायची तर तळाला खिळ्यानं भोक पाडून टाकायची. शेठ तर उल्हासनगरचेच, त्यांनी खरी बाटली आणली असेल की खोटी, यावर बाबा जेवताना एकटेच वाद घालत बसायचे.

आणि माझा संशय आईवर होता. ती गुपचूप वापरत असणार. एवढं सुगंधी सामान खाटेखाली ठेवून कुठली बाई लाल साबणानं आंघोळ करेल? ती जवळून गेली की मी हळूच वास घ्यायची. धुराचा, घामाचा, ओल्या लुगड्याचा वास यायचा. तरी माझं समाधान व्हायचं नाही. मला वाटायचं, ती फार सावध आहे.

अशी काही वर्षं गेली आणि पेटी वरपर्यंत भरली.

ज्या मे महिन्याबद्दल मी सांगते आहे, त्या वेळी शेठची माणसं आली ती अम्मांशिवाय. थंडीत अम्मा गेल्या होत्या. थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्नही मोडलं होतं, आणि तेही दुसऱ्यांदा. भाभी एकदम वाळल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी फाटकाला लिंबू-मिरची बांधली. दोन्ही मुलींच्या पायात काळा दोरा होता. पूर्वी भाभी आईशी मुलींच्या, भाजीच्या, दुखण्याखुपण्याच्या गप्पा मारायच्या, या वेळी नुसतं विचारत होत्या. आम्ही नसताना इकडे कोण येतं? मागच्या दाराशी माती कुणी उकरली? घरावर कुणीतरी काहीतरी केलंय, असं त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच वाटत होतं, मला माहीत नाही. ज्याचं सलग वाईट होतं त्याला सांगायला माणूस लागत नाही. शेठ दुकानासाठी उल्हासनगरला परत गेले होते, रविवारी येणार होते. बंगल्यात तिघी बायकाच.

एके सकाळी आई ओटा पुसत असताना भाभींनी विचारलं, अम्मांची ती लाकडी फणी कुठे दिसली का? घरी सगळी कपाटं शोधली, मिळाली नाही. आठवण म्हणून जवळ ठेवायची आहे.

आईचा चेहरा फुलला. गेल्या दिवाळीत अम्मा ती फणी पुन्हा फळीवर विसरून गेल्या होत्या. तो दिवस आला होता. इतकी वर्षं जपून ठेवलं त्याची विचारणा झाली होती. घरी जाऊन फणी आणून दिली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण आईला तेवढ्यानं भागणार नव्हतं. तिला पेटी दाखवायची होती. एक फणीच नाही भाभी, तुमचं सगळंच्या सगळं माझ्याकडे आहे, काडीसुद्धा हललेली नाही, चला बघायला, असं म्हणत ती भाभींना आमच्या घरी घेऊन आली. भाभी आमच्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. आईनं त्यांना खाटेवर चादर झटकून बसवलं, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, आणि खाली वाकून पेटी ओढली. आत्या चुलीपाशी मशेरी लावत होती. तिनं तोंडातलं बोट काढलं.

आईनं एकामागून एक लाल बोचकी काढून जमिनीवर सोडली. आत साबणाचे तुकडे, उन्हाळ्यांनी तडकलेले, आणि त्यांच्यावर केस. बाजूला सुपारीएवढी काळी पडलेली लिंबं, मिरच्या, कोळसे. आईला ती लिंबं दिसतच नव्हती. घरातली रोजची अडगळ दिसेनाशी होते तशी ती तिला दिसेनाशी झाली होती. ती हौसेनं एकेक तुकडा तळहातावर घेऊन दाखवत होती.

भाभी उठून उभ्या राहिल्या. "ये किसके बाल हैं?"

"तुमचेच," आई म्हणाली. "हे लांब ते मोठ्या ताईचे. हे तुमचे. नि हे पांढरे अम्मांचे, फनीला हायेत बघा. एक पन काढला नाय मी."

मला आईचा तो आवाज अजून आठवतो. शाळेत पहिला नंबर आल्यावर मुलं घरी सांगतात, तसा होता. भाभी भिंतीपर्यंत मागे सरकल्या. अम्मांचे केस लाल कापडात, मुलीचे केस लाल कापडात, शेजारी लिंबू. अम्मा गेलेल्या, मुलीचं दोनदा मोडलेलं. मी लहान होते, तरी त्यांच्या डोळ्यांत हे एकाला एक जोडलं जाताना मला दिसलं. आईला उशिरा दिसलं.

"निंबू किसने रखा?"

आईनं आत्याकडे बघितलं. दिवसभर तोंड चालणारी आत्या मशेरीच्या डब्यात बघत बसली होती. तिला आमच्याशिवाय घर नव्हतं. आई म्हणाली, "मीच."

भाभी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि चाबी मागितली. आईनं कमरेचा जुडगा काढून दिला. मग त्यांनी सांगितलं, हे सगळं उचल आणि विहिरीवर चल. काही जाळायचं तर तिथं जाळू, पुरायचं तर तिथं पुरू. त्यांना स्वतःला त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नव्हता.

आईनं बोचकी पेटीत भरली आणि पेटी डोक्यावर घेतली. पुढे भाभी, मागे आई, तिच्या मागे मी. फाटकाशी हंडे घेऊन बाया उभ्या होत्या. आम्ही आत गेलो आणि भाभींनी आतून कुलूप लावलं, तेव्हा त्यांच्यात कुजबूज झाली. आत्या मागून आली आणि तारेला धरून उभी राहिली. बंगल्याच्या गच्चीवर थोरली मुलगी केस सुकवत होती, ती कठड्याशी येऊन बघायला लागली.

विहिरीजवळ धुण्याचा दगड होता. आईनं पेटी तिथं उतरवली आणि म्हणाली, "भाभी, नुसता साबन हाय. कायपन नाय त्याच्यात. देवाशपथ."

भाभींनी एकदा गच्चीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "नुसता साबन है ना? तो लड़की को नहला इससे. मेरे सामने."

आता मला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. किल्ली गेली होती, आई गुन्हेगारासारखी उभी होती, आळी फाटकाबाहेर ताटकळत होती, आणि माझ्या मनात एवढंच आलं की अखेर तो गुलाबी साबण मला लागणार. मी केसांची रिबीन सोडायला लागले. दगडाकडे पाऊल टाकलं तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"ही नाय," ती म्हणाली.

"क्यों? नुसता साबन है."

"ही नाय, भाभी."

भाभींनी मान हलवली. जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं होतं. साबणात काही नाही म्हणणारी बाई स्वतःच्या मुलीला तो लावायला तयार नाही, याहून मोठा पुरावा कुठला? मी फाटकाकडे बघितलं तर बायांचे चेहरेही बदलले होते. इतकी वर्षं जिच्या हातून पाणी भरलं तिच्याकडे त्या जपून बघत होत्या. एकीनं आपल्या पोराला मागे ओढलं. विश्वास बसायला वर्षं लागतात आणि उडायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही, हे मी त्या फाटकाच्या जाळीतून बघितलं. तेव्हापासून मला बायांच्या घोळक्याची भीती वाटते.

भाभी किल्ल्या मुठीत घेऊन बंगल्याकडे वळल्या. तेवढ्यात मागे रहाट वाजला. आईनं बादली ओढली, दगडावर बसली, नेसत्या लुगड्यानिशी, आणि अंबाडा सोडला. उजेडात आईचे मोकळे केस मी पहिल्यांदा बघत होते. तिनं पेटीत हात घालून हाताला आलं ते बोचकं सोडलं. गुलाबी तुकडा, त्याच्यावर थोरल्या मुलीचा लांब केस. केस न काढता तिनं तो ओला केला आणि तोंडाला लावला. मग गळ्याला, दंडांना, पायांना. तो तुकडा विरघळून बोटांत मोडला तेव्हा तिनं दुसरं बोचकं सोडलं. हिरवा साबण. मग शाम्पूची बाटली उलटी करून डोक्यावर. फेस खांद्यांवरून, पाठीवरून दगडावर उतरला. वास फाटकापर्यंत गेला असणार.

मला आईचा भयंकर राग आला. मला हात लावू दिला नाही आणि स्वतः चोळत बसली. माझा इतक्या दिवसांचा संशय खरा निघाला होता, तिला तो स्वतःलाच हवा होता. मी रडायला लागले, ते रागानं.

"बस," भाभी म्हणाल्या. आई थांबली नाही. "बस कर, बाई."

आईनं तिसरं बोचकं ओढून घेतलं.

भाभी जवळ आल्या. आता त्यांचा आवाज वेगळा होता, फाटकाबाहेरच्यांना ऐकू न जाण्याइतका हळू. "लड़की को क्यों नहीं लगाया? क्या समझी थी तू?"

आईचे डोळे फेसानं मिटलेले होते. आवाज आला त्या दिशेला तिनं तोंड वळवलं. "तुमी जे समजल्या, तेच," ती म्हणाली. "तुमाला पोर हाय, मना पन पोर हाय."

भाभींच्या ते एकदम लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आत्या बोलायची तेव्हा आई हसायची, पण लिंबं तिनं कधी काढून टाकली नव्हती. तीसुद्धा इतकी वर्षं घाबरतच होती. अम्मांचं मरण, मुलीचं मोडलेलं लग्न, जे काही त्या साबणांना चिकटून आलं असेल असं तिला वाटत होतं, ते ती पाणी जाऊ नये म्हणून स्वतःच्या अंगाला लावून घेत होती. माझ्या वाटणीचंही. माझं रडणं थांबलं. मला आईजवळ जायचं होतं.

आईनं चाचपडत बादली शोधली. ती रिकामी होती. डोळ्यांत शाम्पू गेला असणार, ती तोंड वेडंवाकडं करत होती. मी पुढे झाले तर भाभींनी हातानं मला थांबवलं. त्यांनी मुठीतल्या किल्ल्यांकडे बघितलं. रहाट ओढायला दोन्ही हात लागतात. जुडगा त्यांनी दगडावर ठेवला, दोर धरला आणि बादली विहिरीत सोडली. त्यांनी आयुष्यात कधी पाणी ओढलं नसावं. बादली अर्धी भरून वर आली, काठाला आपटली, त्यांच्या साडीवर सांडली. राहिलेलं त्यांनी आईच्या डोक्यावर एकदम ओतलं. मग दुसरी ओढली. ती सावकाश ओतली, एका हातानं आईच्या कपाळावरचा फेस मागे सारत. ही माया होती, की सगळं नीट धुऊन गेलं का हे बघणं होतं, मला सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही असेल.

मग त्यांनी पेटीतून अम्मांची फणी उचलली. पांढऱ्या केसांसकट पदरात गुंडाळली आणि बंगल्यात गेल्या. किल्ल्या दगडावरच राहिल्या. विसरल्या की ठेवून गेल्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी काही सांगितलं असतं, तरी मी ते खरं मानलं नसतं.

आईनं केस पिळले, डोळे पुसले आणि दगड चाचपून जुडगा उचलला. तिच्या अंगाला गुलाबाचा, लिंबाचा, आणखी कसला कसला वास एकदम येत होता. मी तिच्याकडे बघत उभीच होते. तिनं किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "बघत काय रायलीस? जा, फाटक उघड. बाया कधीच्या खोळंबल्यात."